बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ

खेळ म्हटला कीं जय आणि पराजय हे दोन शब्द प्रथम आपल्या मनांत उभे राहतात. सामना आटोपून मुलगा घरीं आला म्हणजे वडील मंडळी विचारतात तेंही हेंच, कीं आज कोण जिंकलें. जो संघ जिंकतो त्याचें छायाचित्र छापून येतें. जो हरतो त्याचें नांव पुढील वर्षीं कोणाच्या लक्षांतही राहत नाहीं. मग जो विद्यार्थी पहिल्या संघांत कधींच जाणार नाहीं, त्यानें खेळावर घालविलेला वेळ फुकट गेला असें समजावयाचें काय? हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनांत असतो, आणि त्यांच्या पालकांच्या मनांत तर त्याहूनही अधिक असतो. ज्या थोर गृहस्थांचें चरित्र येथें सांगावयाचें आहे, त्यांच्या आयुष्यानें या प्रश्नाला एक सरळ उत्तर दिलें आहे. बास्केटबॉल हा खेळ त्यांनीं शोधून काढला. आज दोनशेंहून अधिक देशांत त्या खेळाच्या राष्ट्रीय संघटना आहेत. आणि तरीही विद्यापीठाच्या संघाचे मार्गदर्शक या नात्यानें त्यांनीं जितके सामने जिंकले, त्यांहून अधिक गमावले. त्यांचें नांव डॉ. जेम्स नेस्मिथ.

जेम्सचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजीं कॅनडा देशांत, ऑन्टॅरिओ प्रांतांतील आल्मॉन्ट या गांवाजवळ झाला. घराणें मूळचें स्कॉटलंडचें. वडील जॉन नेस्मिथ हे लांकडें कापण्याच्या गिरणींत काम करीत. १८७० सालीं विषमज्वरानें या कुटुंबावर घाला घातला. प्रथम वडील गेले, आणि सुमारें तीन आठवड्यांत आई मार्गारेट हीही गेली. आईच्या मृत्यूचा दिवस हाच जेम्सचा नववा वाढदिवस होता. मागें बहीण ॲनी, जेम्स आणि भाऊ रॉबर्ट अशीं तीन पोरकीं भावंडें राहिलीं. आजीनें त्यांना जवळ केलें, आणि पुढें मामा पीटर यंग यांनीं त्यांचा सांभाळ केला. मामा कष्टाळू शेतकरी होते. त्यांच्या घरीं अन्नवस्त्राला तोटा नव्हता. परंतु लाड करण्यास कोणाला सवड नव्हती. लहान वयांतच जेम्सला घोडे हांकणें, जंगलांतून लांकडें आणणें, शेतावर राबणें हीं कामें करावीं लागलीं. हिवाळ्यांत बर्फावर घसरण्याचा खेळ तेथील मुलें खेळत. त्याला लागणारे लोखंडी पातें विकत घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हां जेम्सनें जुन्या कानशी लांकडांत बसवून आपलें साधन आपणच तयार केलें. जें हातीं आहे त्यांतून हवें तें करून घ्यावयाचें, ही संवय त्याला अशा रीतीनें बालपणींच जडली.

त्या खेड्यांत लोहाराच्या दुकानाजवळ एक मोठा धोंडा होता. शाळेंतील मुलें त्यावर एक लहान दगड ठेवीत आणि दुरून दुसरा दगड फेंकून तो खालीं पाडीत. आपल्याकडे मुलें लगोरी खेळतात, त्याच जातीचा हा खेळ. नेम चुकला म्हणजे आपला दगड परत आणण्यासाठीं धांवावें लागे, आणि रक्षण करणारा मुलगा त्याला शिवूं पाही. जो मुलगा सर्व बळ एकवटून दगड सरळ फेंकी, त्याचा दगड फार दूर जाऊन पडे आणि तो हटकून सांपडे. परंतु जो हलक्या हातानें, कमान काढून दगड टाकी, त्याचा नेमही साधे आणि दगडही जवळच पडे. बळापेक्षां हाताची सफाई मोठी, हा धडा जेम्सला तेथें मिळाला. त्याचा उपयोग त्याला कित्येक वर्षांनंतर व्हावयाचा होता.

शाळेंत मात्र त्याचें मन रमलें नाहीं. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यानें शाळा सोडली आणि जंगलांत लांकूडतोड्यांच्या टोळीबरोबर तो राबूं लागला. अशीं चारपांच वर्षें गेलीं. एके दिवशीं तो दारूच्या गुत्त्यांत पेला हातीं घेणार, तोंच शेजारीं उभ्या असलेल्या एका माणसानें त्याला ओळखलें, आणि तूं मार्गारेट यंगचा मुलगा ना, असें विचारून त्याच्या मृत आईची त्याला आठवण करून दिली, अशी हकीकत त्याच्या चरित्रकारांनीं नमूद केली आहे. त्यानें पेला तसाच खालीं ठेवला आणि पुन्हां कधींही दारूला स्पर्श केला नाहीं. पुढें तो आल्मॉन्टच्या हायस्कुलांत परत गेला. आपल्यापेक्षां वयानें लहान असलेल्या मुलांच्या शेजारीं बसून त्यानें अभ्यास पुरा केला, आणि १८८३ सालीं मॉन्ट्रिऑल शहरांतील मॅक्गिल विद्यापीठांत प्रवेश मिळविला. एकदां सुटलेली शाळा पुन्हां धरण्यास जें धैर्य लागतें, तें परीक्षेंत पहिला नंबर मिळविण्यास लागणाऱ्या धैर्याहून कमी नव्हे.

मॅक्गिलमध्यें नेस्मिथ यांनीं तत्त्वज्ञान आणि हिब्रू भाषा हे विषय घेतले. धर्मोपदेशक व्हावयाचें हा त्यांचा निश्चय होता. ते रात्रंदिवस पुस्तकांत गढून जात. एके दिवशीं दोन वरच्या वर्गांतील विद्यार्थी त्यांच्या खोलीवर आले आणि शरीराकडे असें दुर्लक्ष करणें बरें नव्हे, असें त्यांनीं त्यांस समजावून सांगितलें. तेव्हांपासून ते व्यायामशाळेंत जाऊं लागले. पुढें फुटबॉलच्या सरावांत एका खेळाडूस दुखापत झाली असतां त्याच्या जागीं ते उभे राहिले, आणि मग विद्यापीठाच्या संघांत त्यांची जागा कायम झाली. व्यायामाच्या नैपुण्याबद्दल त्यांना पदकही मिळालें. १८८७ सालीं ते पदवीधर झाले आणि नंतर मॉन्ट्रिऑलच्याच प्रेस्बिटेरियन कॉलेजांत त्यांनीं धर्मशास्त्राचा अभ्यास केला.

त्या काळीं अनेक धर्मशील लोक मैदानी खेळांकडे संशयानें पाहत असत. फुटबॉल हा आडदांड आणि शिवराळ मुलांचा खेळ, असा समज होता. नेस्मिथ यांच्या हितचिंतकांना त्यांच्या आत्म्याची काळजी वाटे. शनिवारच्या सामन्यांत मार बसून डोळे काळेनिळे झालेले, आणि रविवारीं त्याच चेहऱ्यानें उपासनामंदिरांत प्रवचन करावयास उभे राहणें, असाही प्रसंग त्यांच्यावर आला होता. परंतु दुसऱ्या एका प्रसंगानें त्यांच्या विचारांना निराळी दिशा लाविली. सामना चालू असतां त्यांच्या शेजारचा खेळाडू रागाच्या भरांत अपशब्द बोलला, आणि नेस्मिथ जवळ आहेत हें ध्यानांत येतांच तो ओशाळला व त्यानें क्षमा मागितली. नेस्मिथ यांनीं त्याला एक शब्दही उपदेश केला नव्हता. त्यांच्या मनांत आलें कीं, तरुणांचा स्वभाव घडविण्याचें काम व्यासपीठावरूनच होतें असें नाहीं. क्रीडांगणावरही तें होऊं शकतें, कदाचित् अधिक चांगलें होतें. म्हणून १८९० सालीं प्रवचनाचें कार्य बाजूस ठेवून त्यांनीं व्यायामशिक्षकाचा मार्ग धरला. बहीण ॲनी हिला हा निर्णय मुळींच रुचला नाहीं. ज्या भावाकडून घराण्याला मान मिळावयाचा, तो मुलांना खेळ शिकवावयास निघाला, याचें दुःख तिच्या मनांत दीर्घकाळ राहिलें. आपल्या माणसांची नाराजी पत्करून घेतलेला हा निर्णय होता; त्यांत कीर्ति किंवा पैसा मिळण्याचा संभव दिसत नव्हता.

नेस्मिथ अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत स्प्रिंगफील्ड या शहरीं गेले. तेथें यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनची, म्हणजे आपण जिला वाय. एम. सी. ए. म्हणतों तिची, शिक्षक तयार करणारी संस्था होती. व्यायामविभागाचे प्रमुख डॉ. ल्यूथर गुलिक हे मोठे कल्पक गृहस्थ होते. १८९१ च्या हिवाळ्यांत त्यांच्यापुढें एक अडचण उभी राहिली. शरदृतूंत फुटबॉल आणि वसंतांत बेसबॉल. परंतु मधल्या बर्फाच्या दिवसांत बाहेर खेळणें अशक्य. घरांत करावयाचे ते कवायत आणि जोर. अठरा प्रौढ विद्यार्थ्यांचा एक वर्ग या रुक्ष व्यायामाला अगदीं कंटाळून गेला होता. दोन शिक्षकांनीं प्रयत्न करून हात टेकले होते. गुलिक यांनीं तो वर्ग नेस्मिथ यांच्या स्वाधीन केला आणि चौदा दिवसांच्या आंत कांहीं तरी नवा खेळ काढावा, असें सांगितलें.

नेस्मिथ यांनीं प्रथम जुनेच खेळ व्यायामशाळेंत आणून पाहिले. फुटबॉल खेळविला, तों मुलें एकमेकांवर आदळूं लागलीं. लॅक्रॉस हा कॅनडाचा दांड्यांनीं खेळण्याचा खेळ खेळविला, तों हातापायांना जखमा झाल्या. चौदा दिवस जवळ जवळ संपत आले. तेव्हां त्यांनीं खेळ खेळवून पाहण्याचें सोडून खेळांचा विचार करावयास सुरुवात केली. ते विचार ज्या क्रमानें झाले तो क्रम विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पहिली गोष्ट, बहुतेक मोठ्या खेळांत चेंडू असतोच. तो मोठा आणि मऊ घेतला तर लपवितां येत नाहीं आणि दांड्याची गरज राहत नाहीं. दुसरी गोष्ट, फुटबॉलमध्यें मारामारी कां होते? चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवावें लागतें म्हणून. तर मग चेंडू घेऊन पळण्यासच बंदी केली कीं अडविण्याचें कारणच उरत नाहीं. तिसरी गोष्ट, जमिनीवरच्या उभ्या गोलांत चेंडू जोरानें मारावा लागतो आणि त्यानें इजा होते. तर गोल आडवा करून डोक्याच्या वर बांधावा, म्हणजे चेंडू हलक्या हातानें, कमान काढून टाकावा लागेल. येथें त्यांना लोहाराच्या दुकानाजवळील तो धोंडा आठवला. वीस वर्षांपूर्वींच्या पोरखेळांतून एका नव्या खेळाचा जन्म झाला.

मग त्यांनीं एकंदर तेरा नियम लिहून काढले. चेंडू हातांनींच खेळावयाचा; घेऊन पळावयाचें नाहीं; धक्का देणें, धरणें, पाडणें, मारणें सर्वस्वी वर्ज्य; दुसऱ्यांदा असा अपराध करणाऱ्यानें पुढील गोल होईपर्यंत बाहेर बसावयाचें; एका पक्षानें लागोपाठ तीन अपराध केल्यास दुसऱ्या पक्षाला एक गोल मिळावयाचा; खेळ पंधरा पंधरा मिनिटांच्या दोन भागांत व्हावयाचा. नेस्मिथ यांनीं व्यायामशाळेची व्यवस्था पाहणाऱ्या इसमाकडे दीड फुटाच्या दोन पेट्या मागितल्या. त्याच्यापाशीं पेट्या नव्हत्या. पीच नांवाच्या फळांच्या दोन रिकाम्या टोपल्या मात्र होत्या. त्याच घेऊन नेस्मिथ यांनीं सज्जाच्या कठड्याला दोन बाजूंस ठोकून टाकिल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता. म्हणून आजतागायत जगभर बास्केटबॉलची कडी दहा फुटांवरच असते. पेट्या मिळाल्या असत्या तर या खेळाचें नांव कदाचित् निराळेंच झालें असतें.

२१ डिसेंबर १८९१ रोजीं पहिला सामना झाला. अठरा विद्यार्थी, म्हणून एकेका बाजूस नऊ खेळाडू उभे राहिले. चेंडू फुटबॉलचाच होता. सर्व खेळांत मिळून एकच गोल झाला. तो विल्यम चेस या विद्यार्थ्यानें केला. टोपलीला बूड असल्यामुळें चेंडू काढण्यासाठीं शिडी लावून चढावें लागे. पण जो वर्ग दोन शिक्षकांना दाद देत नव्हता, तो आतां खेळ थांबविण्यास तयार होईना. पुढें फ्रँक महान या विद्यार्थ्यानें खेळाला नेस्मिथ यांचेंच नांव द्यावें असें सुचविलें. नेस्मिथ यांनीं तें हंसून नाकारलें. तेव्हां टोपली आणि चेंडू या दोन शब्दांवरून बास्केटबॉल हें नांव त्यानेंच पुढें केलें आणि तें रूढ झालें. जानेवारी १८९२ मध्यें नियम संस्थेच्या पत्रांत छापले गेले. ११ मार्च १८९२ रोजीं शिक्षक आणि विद्यार्थी यांचा पहिला जाहीर सामना झाला. त्यांत विद्यार्थ्यांनीं शिक्षकांना ५–१ असें हरविलें. त्याच वर्षीं स्त्रियांनींही हा खेळ उचलला. पहिल्या स्त्री खेळाडूंपैकीं मॉड शर्मन यांच्याशीं १८९४ सालीं नेस्मिथ यांचा विवाह झाला.

हा खेळ पसरला तो विद्यार्थ्यांच्या पायांनीं. त्या पहिल्या वर्गांत एक जपानी विद्यार्थी होता आणि कॅनडाचेही विद्यार्थी होते. शिक्षण संपवून जो तो निरनिराळ्या देशीं वाय. एम. सी. ए. च्या कामावर गेला, आणि त्याच्या सामानाबरोबर हे तेरा नियमही गेले. १८९३ च्या डिसेंबरांत पॅरिस येथें युरोपांतील पहिला सामना झाला. पहिल्या सामन्यांतील डंकन पॅटन यांनीं १८९४ च्या सुमारास तो हिंदुस्थानांत आणिला. पुढें १९२० सालीं मद्रास येथें हॅरी बक यांनीं वाय. एम. सी. ए. चें व्यायामशिक्षणाचें विद्यालय स्थापन केलें, आणि तेथून शिकून निघालेल्या शिक्षकांनीं आपल्या देशाच्या शाळांत हा खेळ नेला. १९३४ सालीं हिंदुस्थानांत पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली.

नेस्मिथ मात्र या यशाच्या मागें गेले नाहींत. १८९५ सालीं ते डेन्व्हर शहरीं गेले. दिवसा व्यायामशाळेंत काम करून त्यांनीं वैद्यकाचा अभ्यास केला आणि १८९८ सालीं डॉक्टरची पदवी मिळविली. त्याच वर्षीं कॅन्सस विद्यापीठांत प्रार्थनामंदिराची व्यवस्था आणि व्यायामशिक्षण अशा दुहेरी कामावर त्यांची नेमणूक झाली. तेथें त्यांनीं बास्केटबॉलचा संघ उभारला. ३ फेब्रुवारी १८९९ रोजीं त्या संघाचा पहिला सामना झाला, आणि खेळाच्या जनकाचा संघ ५–१६ असा हरला. १९०७ पर्यंत नेस्मिथ मार्गदर्शक होते. त्या काळांत संघानें ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. कॅन्सस विद्यापीठ पुढें या खेळांत अतिशय नांवाजलें. तरी त्याच्या सर्व मार्गदर्शकांत जयांपेक्षां पराजय अधिक असलेले नेस्मिथ हेच एकटे आहेत.

याचें कारण त्यांना खेळ कळत नव्हता हें खास नव्हे. सामना जिंकणें हें त्यांनीं आपलें काम मानलेंच नव्हतें. हा खेळ खेळावयाचा असतो, शिकवावयाचा नसतो, असें त्यांचें मत होतें. पुष्कळदां आपल्या संघाच्या सामन्यांत ते स्वतःच पंच होत. त्यांचा शिष्य फॉरेस्ट ॲलन यानें मार्गदर्शकाचा पेशा पत्करावयाचें ठरविलें, तेव्हां त्यांना नवलच वाटलें. ॲलन हा पुढें त्याच विद्यापीठाचा अत्यंत यशस्वी मार्गदर्शक झाला आणि सामना कसा जिंकावा याचें शास्त्र त्यानें बनविलें. गुरुशिष्यांचीं हीं दोन मतें आजही जगांत शेजारीं शेजारीं नांदत आहेत. नेस्मिथ यांचें लक्ष मात्र मागच्या रांगेंतील मुलाकडे असे. त्याची छाती किती भरली, तो रोज व्यायामाला येतो कीं नाहीं, हरल्यावर तो रागावतो कीं हंसतो, हें ते पाहत.

पहिल्या महायुद्धांत पन्नाशी उलटलेली असतांही ते फ्रान्समध्यें गेले आणि एकोणीस महिने सैनिकांच्या आरोग्याची व आचरणाची काळजी त्यांनीं वाहिली. १९२५ सालीं त्यांनीं अमेरिकेचें नागरिकत्व घेतलें. उतारवयांतील त्यांची एक गोष्ट मात्र विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १९३३ सालीं जॉन मॅक्लेंडन नांवाचा एक कृष्णवर्णी विद्यार्थी कॅन्ससला आला. त्याच्या वर्णामुळें त्याला विद्यापीठाच्या संघांत खेळण्यास मनाई होती. व्यायामशिक्षणाच्या पदवीसाठीं पोहणें आवश्यक होतें. परंतु तो तलावांत उतरल्यावर तलावांतील पाणी काढून टाकण्यांत आलें, अशी आठवण त्यानें पुढें सांगितली आहे. महाराष्ट्रांतील वाचकाला येथें १९२७ सालचें महाडचें चवदार तळें आठवल्यावांचून राहणार नाहीं. माणसाच्या स्पर्शानें पाणी विटाळतें ही समजूत दोन्ही खंडांत सारखीच होती. नेस्मिथ यांनीं मॅक्लेंडनची बाजू घेतली, त्याला आपल्या हाताखालीं शिकविलें, आणि तो तलाव सर्व विद्यार्थ्यांना मोकळा झाला. १९३६ सालीं मॅक्लेंडन पदवीधर झाला आणि पुढें अमेरिकेंतील थोर मार्गदर्शकांत त्याची गणना झाली. ज्याला संघांत जागाच नव्हती असा विद्यार्थी नेस्मिथ यांनीं वाया जाऊं दिला नाहीं. सामन्यांच्या कोणत्याही नोंदींत हा जय लिहिलेला नाहीं.

१९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांत बास्केटबॉलला प्रथमच स्थान मिळालें. नेस्मिथ यांना तेथें जाण्यास पैसे नव्हते. खेळापासून त्यांनीं द्रव्य असें मिळविलेंच नव्हतें. अमेरिकेंतील मार्गदर्शकांच्या संघटनेनें खेळ पाहावयास येणाऱ्या लोकांकडून थोडी थोडी रक्कम जमविली आणि या पंचाहत्तरीच्या वृद्ध गुरूला बर्लिनला पाठविलें. ७ ऑगस्ट रोजीं एस्टोनिया आणि फ्रान्स यांच्या पहिल्या सामन्याचा चेंडू त्यांच्या हातून उडविण्यांत आला. एकंदर एकवीस देशांचे संघ खेळले. १४ ऑगस्ट रोजीं अखेरचा सामना अमेरिका आणि कॅनडा यांच्यांत उघड्या मैदानावर, भर पावसांत झाला. चिखलांत चेंडू उसळेना. अमेरिकेनें १९–८ असा तो जिंकला. एक त्यांची जन्मभूमि आणि दुसरी कर्मभूमि. दोन्ही संघांना पदकें त्यांच्याच हातून मिळालीं. आपल्या भागाला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही कीं, त्याच ऑलिंपिकच्या वेळीं आपल्या शेजारच्या अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथकही बर्लिनला गेलें होतें, आणि कबड्डी वगैरे आपले देशी खेळ त्यानें तेथें करून दाखविले.

त्या पहिल्या सामन्यांत फ्रान्ससारख्या मोठ्या राष्ट्राला चिमुकल्या एस्टोनियानें हरविलें. बाल्टिक समुद्राच्या कांठचे एस्टोनिया, लॅट्विया आणि लिथुएनिया हे तीन लहान देश. पण या खेळावर त्यांचें मोठें प्रेम. १९३५ सालचें युरोपचें पहिलें अजिंक्यपद लॅट्वियानें, आणि १९३७ व १९३९ चीं दोन्ही लिथुएनियानें मिळविलीं. लिथुएनियाची आजची लोकसंख्या सुमारें २८ लाख. आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणें एकट्या यवतमाळ जिल्ह्याची २७ लाख ७२ हजार. म्हणजे तो देश आपल्या एका जिल्ह्याएवढा! तेथें १९९३ पासून पहिल्या श्रेणीची लीग चालते, आणि तिच्या खालीं २००५ पासून राष्ट्रीय बास्केटबॉल लीग या नांवानें दुसरी श्रेणी चालते. या दुसऱ्या श्रेणींत लहान लहान शहरांचे संघ असतात, तसेंच मोठ्या संघांचे उमेदवार तरुणही असतात. त्यांचीं नांवें परदेशांत कोणी ऐकलेलीं नसतात. परंतु पुण्यामुंबईकडे पाहून दारव्ह्यानें, वणीनें किंवा पुसदनें आपलें मैदान बंद करावें, असें तेथील लोकांना वाटत नाहीं. वरच्या पायरीवर जाणारे खेळाडू खालच्या पायरीवरूनच येतात, आणि जे वर जात नाहींत तेही आपल्या गांवासाठीं हिवाळाभर खेळतात. मोठ्या देशांना लाजविणारें या लहान देशाचें सामर्थ्य या खालच्या पायरींत आहे.

आपल्या देशाच्या संघाला ऑलिंपिकमध्यें बास्केटबॉल खेळण्याचा योग एकदांच, १९८० सालीं मॉस्को येथें आला, आणि त्यांत एकही सामना आपणांस जिंकतां आला नाहीं. ही गोष्ट लपविण्याचें कारण नाहीं. जेथें दर तालुक्याला दुसऱ्या श्रेणीचे खेळाडू मनापासून खेळत नाहींत, तेथें पहिल्या श्रेणीचे खेळाडू तरी कोठून यावे?

१९३७ सालीं डॉ. नेस्मिथ यांची पत्नी मॉड निवर्तली आणि त्याच वर्षीं ते विद्यापीठाच्या सेवेंतून निवृत्त झाले. २८ नोव्हेंबर १९३९ रोजीं कॅन्ससमधील लॉरेन्स येथें, वयाच्या ७८ व्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें. या खेळाच्या उगमाविषयीं त्यांनीं लिहिलेलें पुस्तक त्यांच्या मागें १९४१ सालीं प्रसिद्ध झालें. ज्या दोन कागदांवर ते तेरा नियम टंकलेले होते, ते २०१० सालीं लिलांवांत ४३ लाख डॉलरांस विकले गेले, आणि आतां ते कॅन्सस विद्यापीठांत जपून ठेविले आहेत. ज्या गृहस्थांपाशीं बर्लिनच्या प्रवासाचा खर्च नव्हता, त्यांच्या दोन कागदांचें हें मोल!

विद्यार्थिमित्रांनो, नेस्मिथ यांच्या वर्गांतील अठराही मुलें पहिल्या दिवशीं खेळलीं. बाहेर बसून पाहणारा असा त्यांत कोणीच नव्हता. नऊ नऊ खेळाडू घेण्याचें कारण एवढेंच, कीं वर्गांत अठरा मुलें होतीं. खेळांसाठीं मुलें निवडलीं नाहींत, मुलांसाठीं खेळ बेतला. आपली निवड झाली नाहीं म्हणून मैदानाकडे पाठ फिरविणाऱ्या विद्यार्थ्यानें हें विसरूं नये. आणि पालकांनींही, मुलगा सायंकाळीं धुळीनें माखून घरीं आला असतां, आज कोण जिंकलें हें विचारण्यापूर्वीं, आज तूं खेळलास ना, एवढें त्याला विचारावें.